काशियशला उतरलो तेव्हा

बाबांनी व्हिसाच्या अर्जावर तीन आठवडे सही केली नव्हती. अर्ज टीव्हीखालच्या खणात लाइटबिलांच्या गठ्ठ्यावर पडून होता आणि आई रोज तो खण उघडून बघायची. माझा धाकटा भाऊ लिस्बनला नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. आईला लेकाचा संसार बघायचा होता, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला मामाकडे जायचं होतं, नवऱ्याची रजा मंजूर झाली होती. बाबांचं म्हणणं एकच होतं. "ज्यांच्याकडून चिमाजी अप्पांनी वसई सोडवली, त्यांचं गाव बघायला मी कशाला जाऊ?"

हे ते उगाच बोलत नव्हते. आम्ही वसईचे. बाबा पश्चिम रेल्वेत स्टेशन मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी आम्हां दोघा भावंडांना सायकलवर पुढे-मागे बसवून किल्ल्यात न्यायचे. इतर मुलं बागेत खेळायची, आम्ही छप्पर नसलेल्या चर्चमध्ये लपाछपी खेळायचो. सांत आंतोनियोच्या चर्चची जमीन म्हणजे ओळीने मांडलेली थडगी. त्यांवरच्या पोर्तुगीज अक्षरांवर बोट फिरवत बाबा सांगायचे, १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि दोनशे पाच वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, मराठ्यांनी ती घेतली. मग आम्हाला चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी नेऊन नमस्कार करायला लावायचे. त्यांच्या लेखी हा इतिहास संपलेला नव्हताच. गेल्या आठवड्यात घडून गेल्यासारखा तो आमच्या घरात वावरायचा.

आईचं माहेर नाशिकचं, पंचवटीतलं. तिथे गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर जी मोठी घंटा टांगलेली आहे ती वसईच्या विजयात मिळालेली. तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे. लहानपणी आई पूर आला की घंटेला पाणी लागलं का हे बघायला धावायची. पुढे लग्न होऊन ती नेमकी वसईला आली. "घंटा वसईहून नाशकात गेली आणि तिच्या बदल्यात नाशिककरांनी मला इकडे पाठवलं," असं ती सगळ्यांना सांगते. बाबांना तिचं हे बोलणं फार आवडतं.

शेवटी सही घेतली माझ्या मुलीने. पेन घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही नसलात तर तिथलं मला कोण सांगणार?" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पोचलो. भावाचं घर ग्रासा नावाच्या वस्तीत, शहराच्या उंच टेकड्यांपैकी एकीवर. इमारत जुनी, जिना लाकडी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून उतरणीवरची लाल कौलं दिसायची आणि त्यांच्याखाली तेजो नदी. नदी म्हणायचं, पण इथे ती इतकी रुंद होते की आई पहिल्या दिवशी तिला खाडीच म्हणाली आणि शेवटपर्यंत खाडीच म्हणत राहिली. रस्ते चुनखडीच्या पांढऱ्या आणि बेसाल्टच्या काळ्या बारक्या दगडांचे, एकेक दगड हाताने बसवलेला. दिसायला रांगोळीसारखे, चालायला अवघड. वर्षानुवर्षं पायांनी घासून ते गुळगुळीत झालेले आणि चढण अशी की गुडघे बोलायला लागतात. बाबांची काठी पहिल्याच सकाळी दोनदा घसरली. मग पिवळी ट्राम हेच आमचं वाहन झालं.

तळमजल्यावर घरमालकीण राहत होत्या, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आईलाही येत नाही. पहिल्या संध्याकाळी त्या जिना चढून आल्या, दुसरी किल्ली आईच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "शाव्ह." आईने किल्लीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि मला हाक मारली. "अगं, चावी म्हणतायत त्या!"

पुढचे दोन दिवस त्या दोघींनी स्वयंपाकघर सोडलं नाही. घरमालकीण एकेक वस्तू उचलून नाव घ्यायच्या आणि आई आपलं नाव सांगायची. सबांव, साबण. बाल्द, बादली. अननाश, अननस. पाँव म्हणताना त्यांचा आवाज नाकात जायचा आणि आई टाळी वाजवून म्हणायची, पाव! कोबीच्या जातीच्या हिरव्या पानांना त्या कोव्ह म्हणाल्या आणि बटाट्याला बताता. ती पानं अगदी केसासारखी बारीक चिरून, बटाट्याच्या दाट सुपात घालून त्यांनी काल्दो व्हेर्द केलं. एरवी त्यात मांसाचे काप पडतात. आई ते खात नाही हे कळल्यावर त्यांनी आमच्यासाठी वेगळं पातेलं चढवलं. आईने त्यात वरून जिऱ्याची फोडणी दिली. घरमालकिणीने चव घेतली, थोडं थांबल्या आणि अजून एक वाटी वाढून घेतली.

बाबा या खेळात नव्हते. ते खिडकीशी बसून नदीकडे बघत असत. खरं तर आमच्या घरात या शब्दांची माहिती असलेला माणूस तेच. घमेलं, पिंप, बिजागरी, पगार, काडतूस, हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द त्यांनीच आम्हाला शिकवले होते. दुसऱ्या रात्री जेवताना मुलगी वहीत यादी करत होती, तेव्हा ते एकदम म्हणाले, "लिलाव लिही. तोही त्यांचाच." मग थोड्या वेळाने, ताटातून नजर वर न काढता, "आणि तुरुंग. त्रोंकु म्हणजे लाकडाचा ओंडका. त्याच्या भोकांत कैद्याचे पाय अडकवायचे. त्यावरून तुरुंग."

मुलीने तेही लिहून घेतलं.

लिस्बनच्या बेलेम भागात आम्ही सगळ्यांसारखेच गेलो आणि सगळ्यांसारखाच उन्हात रांगेत उभे राहिलो. जेरोनिमोस मठाचं बांधकाम मानुएल राजाने सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभी सुरू केलं आणि पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरच्या पाच टक्के करातून त्याचा मोठा खर्च भागवला गेला. दगडात कोरलेले दोरखंड, समुद्रातली वेल, प्रवाळ. खांब वर जाऊन ताडाच्या झावळ्यांसारखे फाकतात आणि इतकं रुंद छप्पर सहज पेलतात. १७५५ च्या भूकंपातून ते वाचलं. मी वसईला आयुष्यभर अशाच चर्चची खालची अर्धी बाजू बघत आले. वरची अर्धी कशी असते हे मला त्या दिवशी कळलं. मान दुखेपर्यंत मी वर बघत राहिले आणि मला कबूल केलं पाहिजे, ते सुंदर आहे. मलबारच्या मिऱ्यांवर ते उभं आहे हे माहीत असूनही सुंदर आहे. या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींना खोडून काढेनात.

दारातून आत शिरताच वास्को द गामाची समाधी आहे. दगडी, हात जोडून पहुडलेला पुतळा. १५२४ मध्ये तो कोचीला वारला आणि पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. बाबा त्या बाजूला गेलेच नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी नातीला १५०२ सालची गोष्ट सांगितली. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंनी भरलेलं जहाज याच गामाने अडवलं, लुटलं आणि माणसांसकट पेटवून दिलं. बायका लेकरं वर धरून दयेची भीक मागत होत्या. "पुस्तकात त्याचं नाव समुद्रमार्ग शोधणारा म्हणून येतं," बाबा म्हणाले. "ते खरंच आहे. पण हेही तूच लक्षात ठेवायचं." मला वाटलं होतं, अकरा वर्षांच्या मुलीला हे सुट्टीत कशाला. तिने मात्र मला नंतर विचारलं की त्या जहाजाचं नाव काय होतं. मिरी, असं इतिहासात नोंदलं आहे.

बेलेमच्या बुरुजावर एका कोपऱ्यात गेंड्याचं झिजलेलं डोकं कोरलेलं आहे म्हणतात, ते तिने आमच्या आधी शोधून काढलं. १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून आलेला गेंडा इथे उतरवला गेला होता आणि राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला. पुढे तो गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला आणि वाटेत जहाज बुडालं. मुलीला त्या गेंड्याचं फार वाईट वाटलं. त्यानंतर आम्ही १८३७ पासून चालत आलेल्या दुकानात गरम कस्टर्डचे टार्ट खाल्ले. वर दालचिनीची पूड भुरभुरवायची पद्धत आहे. बाबांनी दोन खाल्ले.

चौथ्या दिवशी काशकाइशला समुद्रावर जायचं ठरलं. काइश दो सोद्रे स्टेशनातून गाडी सुटते आणि अर्धाअधिक वेळ पाण्याच्या कडेने धावते. रेल्वेत बसल्यावर बाबा पहिल्यांदाच मोकळे झाले. डब्यात चढण्याआधी फलाटाच्या कडेला उभं राहून त्यांनी रुळांकडे बघितलं आणि भावाला म्हणाले, "ब्रॉडगेज दिसतंय." भावाने फोनवर शोधलं. इथलं गेज १६६८ मिलिमीटर, आपलं १६७६. "आठ मिलिमीटर!" बाबांना इतका आनंद झाला की ते शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही हाताच्या दोन बोटांत तेवढं अंतर धरून दाखवत होते. खिशातल्या डायरीत त्यांनी सुटण्याची वेळ लिहिली. ही त्यांची नोकरीतली सवय. ट्रेन रजिस्टरमध्ये चाळीस वर्षं वेळा लिहिलेला हात, निवृत्तीनंतरही कुठलीही गाडी धरली की आपसूक घड्याळ बघतो.

दारावर स्टेशनांची पट्टी होती. मुलगी नावं वाचत होती आणि मामा उच्चार दुरुस्त करत होता. अल्जेश, क्रूश केब्राद. पुढचं नाव तिने वाचलं "कॅक्सियाज".

"काशियश," भाऊ म्हणाला.

बाबांनी मान वळवली. "काय म्हणालास?" त्यांनी उठून पट्टीवरची अक्षरं स्वतः वाचली, चष्मा वर करून, जवळ जाऊन. आणि काठी घेतली. "उतरायचंय."

आम्ही काशकाइशची तिकिटं काढली होती. मुलीच्या पिशवीत पोहायचे कपडे होते. आईने माझ्याकडे बघितलं, मी भावाकडे. गाडी थांबली, बाबा उतरले, म्हणून आम्ही उतरलो.

साधं स्टेशन. एका बाजूला रस्ता आणि पलीकडे पाणी, दुसऱ्या बाजूला चढ, झाडी, घरं. बाबा फलाटावर उभे राहून चढाच्या बाजूला बघत होते. मग त्यांनी विचारलं, "किल्ला कुठे आहे?" भावाला माहीत नव्हतं. तीन वर्षं तो याच मार्गाने समुद्रावर जात होता. स्टेशनाबाहेरच्या कॉफीच्या दुकानात त्याने चौकशी केली. गल्ल्यावरच्या माणसाने बोट वर, टेकडीकडे केलं आणि सांगितलं, तिथे आजही तुरुंगच आहे, आत बघायला सोडत नाहीत.

"आत नकोच जायला," बाबा म्हणाले. "इथूनच."

बाकावर बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली. मोहन रानडे हे नाव मी शाळेत कुठेतरी ऐकलं होतं, त्यापलीकडे काही नाही. सांगलीचा तरुण, मूळचं नाव मनोहर आपटे. शिक्षक होऊन गोव्यात गेला आणि गावातल्या मुलांना मराठी शिकवता शिकवता गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाला. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात उतरला. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला करताना गोळी लागून पकडला गेला. शिक्षा सव्वीस वर्षांची. गोव्यातल्या कोठड्यांतून त्यांना पोर्तुगालला आणून या टेकडीवर ठेवलं. त्यातली काही वर्षं एकांतवासात, जिथे दिवसभर दुसऱ्या माणसाचा शब्द कानावर पडत नाही.

"एकोणीस डिसेंबर एकसष्ट," बाबा म्हणाले. "मी बारा वर्षांचा होतो. गोवा सुटला. आमच्या शाळेत मास्तरांनी पेढे वाटले. मी दोन घेतले, एक आईसाठी. माझ्या मनात काय होतं, की गोवा सुटला म्हणजे सगळे सुटले. युद्ध संपलं की कैदी घरी येतात, असंच असतं ना?"

आपण पकडलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक १९६२ चा मे संपायच्या आत आपल्या घरी पोचले. गोव्यात आपला झेंडा लागला, आपले अधिकारी आले, टपालाची तिकिटं बदलली. आणि ज्या माणसाने त्यासाठी गोळी खाल्ली तो इथे, परक्या देशातल्या कोठडीत, अजून सात वर्षं राहिला. बाबांना हे कळलं कॉलेजच्या वाचनालयात, १९६९ च्या जानेवारीत, सुटकेची बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा. त्या दिवशी आपण घरी जाऊन जेवलो नाही, असं ते म्हणाले. हे त्यांनी आम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

सुटकेसाठी कोण कोण झटलं तेही त्यांनी सांगितलं. सुधीर फडके, ज्यांच्या आवाजावर आमच्या घरातली सकाळ उजाडायची, त्या बाबूजींनी रानड्यांसाठी वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं. तेही दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात होते. आणि मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई व्हॅटिकनला गेले असताना त्यांनी पोपकडे स्वतःसाठी काही न मागता या मराठी कैद्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला. रानडे सुटले आणि थोड्याच दिवसांत, १९६९ च्या फेब्रुवारीत, अण्णादुराई गेले. "तामिळ माणूस," बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते. "त्याचा काय संबंध? पण त्याने लक्षात ठेवलं. आणि मी पेढा खाऊन विसरलो."

"तुम्ही बारा वर्षांचे होता," आई म्हणाली.

"वीस वर्षांचा होईपर्यंत बाराचाच राहिलो होतो का?"

यावर कोणी काही बोललं नाही. एक गाडी आली, तिच्यातून वाळूच्या बादल्या आणि छत्र्या घेतलेली कुटुंबं समुद्राकडे जाताना दिसली, ती गेली. मुलगी आजोबांच्या बाकाशी खाली फलाटावर बसली होती. तिने विचारलं, "त्यांना इथून समुद्र दिसत असेल का?" बाबांनी टेकडीकडे आणि मग पाण्याकडे बघितलं, एखाद्या वळणावरून सिग्नल दिसतो का हे ताडावं तसं. "खिडकी कुठल्या बाजूला होती त्यावर आहे," ते म्हणाले.

दुसरी गाडीही आम्ही सोडली. त्या दिवशी काशकाइश झालं नाही आणि मुलीने तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेला नाही. त्याने बाबांना अल्जूबला नेलं. जुन्या कॅथेड्रलच्या अगदी समोर, ट्राम जिथे वळते तिथे ही इमारत आहे. आमच्या दाराशी येणारी ट्राम रोज तिच्यावरून जात होती आणि आम्ही रोज कॅथेड्रलचे फोटो काढत होतो. १९६५ पर्यंत इथे राजकीय कैदी ठेवत, आता २०१५ पासून संग्रहालय आहे. पोर्तुगालमध्ये १९२६ पासून १९७४ पर्यंत, अठ्ठेचाळीस वर्षं, हुकूमशाही होती. हुकूमशहा सालाझारच्या गुप्त पोलिसांनी आपल्याच देशातले कामगार, विद्यार्थी, शिक्षक, लेखक उचलले. इथे एक माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या कोठड्या आहेत, मीटरभर रुंदीच्या. बाबा एकीच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. हात पूर्ण पसरलेच नाहीत.

"हे सगळे त्यांचेच लोक?" त्यांनी भावाला दोनदा विचारलं. त्यांना राजवट ठाऊक होती, सालाझारचं नाव ठाऊक होतं. पण शत्रू म्हणून त्यांच्या मनात जो एक अख्खा देश उभा होता, त्याच्या आतही असे तुरुंग होते, रानड्यांच्या भिंतीपलीकडच्या कोठडीत पोर्तुगीज माणूस असू शकत होता, हे त्यांनी कधी समोर धरून पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं. आमच्या किल्ल्यातल्या इतिहासात पोर्तुगीज म्हणजे एकच चेहरा होता.

तिथून आम्ही कार्मोला गेलो. तिथे जे झालं ते मी नीट सांगू शकेन की नाही ठाऊक नाही. तिकीट काढून दारातून आत गेलो आणि आम्ही चौघं एकदमच थांबलो, आई, बाबा, भाऊ आणि मी. नवरा आणि मुलगी पुढे गेले. त्यांना काही कळलं नाही. आम्ही वसईत उभे होतो. दोन्ही बाजूंना उंच खांब, त्यांवर टोकदार कमानी, एकीमागे एक, आणि वर काही नाही. निळं आभाळ. जमिनीवर गवत. एक पक्षी कमानीवरून उडून गेला.

१३८९ मध्ये बांधायला घेतलेलं हे चर्च. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक प्रार्थनेला जमलेले असताना भूकंप झाला, मग समुद्र शहरात घुसला, मग आग. नदीकाठचा राजवाडा गेला, पूर्वेच्या व्यापाराचा कारभार जिथून चाले ती कासा द इंडिया दप्तरांसकट गेली. बाबांनी हिशेब केला. वसई गेल्यावर सोळा वर्षांनी. चर्च पुन्हा बांधायला घेतलं होतं, पण १८३४ मध्ये मठच बरखास्त झाले, आणि पुढे १८६४ मध्ये इथे संग्रहालय आलं तेव्हा वरची बाजू उघडीच राहू दिली. कमानींची डागडुजी केलेली आहे, गवत कापलेलं आहे, छप्पर मात्र नाही.

आमच्याकडे असंच पडलेलं आहे आणि इथे असंच ठेवलेलं आहे. मला क्षणभर रागच आला, आमच्या किल्ल्यातल्या बाटल्या आठवून, भिंतींवर दगडाने कोरलेली नावं आठवून. बाबा मात्र एका खांबाला हात लावून उभे होते. "ह्यांचंही पडलं," एवढंच म्हणाले.

बाहेर चौकात जांभळ्या फुलांची झाडं आहेत, जूनमध्ये फुलं गळून खालचे दगड भरून जातात. याच चौकात २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाहीविरुद्ध उठलेला तरुण कॅप्टन साल्गैरो माया चिलखती गाड्या घेऊन आला. पंतप्रधान कायतानो शेजारच्या छावणीत लपला होता, त्याने संध्याकाळी शरणागती दिली. त्या दिवशी सेलेस्ते कायरो नावाची बाई एका हॉटेलात कामाला गेली होती. हॉटेलच्या वाढदिवसासाठी आणलेली कार्नेशनची फुलं, उठाव झाला म्हणून हॉटेल बंद ठेवल्यावर, मालकाने कामगारांना घरी न्यायला दिली. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. सिगारेट नव्हती, तिने फूल दिलं. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोवलं. पुढच्याच रात्री काशियशच्या तुरुंगाची दारं उघडली आणि राजकीय कैदी बाहेर पडू लागले. आणि त्याच वर्षी, ३१ डिसेंबरला, दिल्लीत करार होऊन पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे मान्य केलं.

भाऊ हे सांगत होता आणि बाबा ऐकत होते. नेहमी उलटं असतं. चौकातल्या कारंज्याशी बसून त्यांनी दोन-तीन गोष्टी पुन्हा विचारल्या, त्या कॅप्टनचं वय काय होतं, गोळी झाडली का. एकोणतीस होतं. इथे चौकात त्याने आधी छावणीच्या भिंतीवर गोळ्या झाडल्या, पण शरण आलेल्यांना सुखरूप बाहेर काढलं. "मग बरोबर," बाबा म्हणाले. कशाला बरोबर, ते मी विचारलं नाही.

आमच्या शेवटच्या दोन दिवसांत सांत आंतोनियोचा सण आला. हा संत लिस्बनचा, इथेच जन्मलेला, कॅथेड्रलला लागूनच त्याच्या जन्मस्थानावर चर्च आहे. वसईतल्या आमच्या शेजारच्या मावशींनी त्याच्यासाठी मेणबत्ती लावायला सांगितलं होतं. हरवलेलं मिळवून देणारा संत म्हणून त्यांची त्याच्यावर फार श्रद्धा. आईने मेणबत्ती लावली, बाबा दाराशी थांबले होते, मग आत आले आणि आईच्या मागे हात जोडून उभे राहिले. ज्या संताच्या मोडक्या चर्चमध्ये त्यांनी आम्हाला वाढवलं, त्याच्या घरी ते आले होते.

१२ जूनच्या रात्री ग्रासाच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. दारोदारी शेगड्या, त्यांवर सार्डिन, धूर, कागदी पताका, गाणी. वास थेट आमच्या वसई कोळीवाड्यातल्या संध्याकाळचा. घरमालकीण वर आल्या त्या एक छोटी कुंडी घेऊन. बारीक पानांचं, चेंडूसारखं गोल रोपटं, त्यात एक कागदी फूल आणि चार ओळींची कविता. सणाला हे द्यायचं असतं. "मांजेरिकु," त्या म्हणाल्या. आई वाकून वास घ्यायला गेली तसा त्यांनी तिचा खांदा धरला. नाक लावायचं नाही. तळहात रोपावरून अलगद फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा, नाहीतर ते कोमेजतं. आईने तसं केलं. हात नाकाशी नेला आणि तिचे डोळे भरून आले.

"तुळस आहे गं," ती म्हणाली. "मंजिरीच म्हणतायत त्या."

तिने दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर कुंडीला पाणी घातलं आणि प्रदक्षिणेपुरती जागा नव्हती म्हणून स्वतःभोवतीच तीनदा वळली. कुंडी आता भावाच्या खिडकीत आहे. दर रविवारी फोनवर आई आधी कुंडी दाखवायला सांगते, मग त्याला जेवलास का विचारते.

परत आल्यावर आठवडाभराने बॅगा आवरताना बाबांची डायरी माझ्या हातात आली. प्रवासातल्या सगळ्या वेळा त्यांनी लिहिल्या होत्या, विमानांच्या, ट्रामच्या, गाडीच्या, ट्रेन रजिस्टरात असाव्यात तशा सरळ रकान्यांत. त्या चौथ्या दिवसाची ओळ अशी होती:

काशियश. आगमन ११.०४. प्रस्थान ११.४८.

आणि त्याखाली, रकाना सोडून, वेगळ्या शाईने:

मोहन रानडे. आगमन १९५५. प्रस्थान १९६९.